पाहुण्यांचं गाव

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘शाळेचे दिवस’ हा विषय दिला होता. बाकं, घंटा, प्रार्थना, स्नेहसंमेलन आणि सरांची छडी यांबद्दल बाकीचे माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी इंजिनिअर झाले, वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, पण आवड आहे आणि ती लागली १९९५ च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत. त्या सुट्टीत आपण मैत्रिणी जिथे जिथे फिरलो, त्या जागांचा इतिहास मी नंतर सवडीने वाचत गेले. तोच इथे मांडते आहे. आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणींना या सहली आठवतील.

पुण्याची माझी मावसबहीण तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन आठ-दहा दिवस आमच्याकडे राहायला आली होती. त्यांना वेरूळ-अजिंठा पाहायचं होतं. जालन्यात काय बघायचं, असं त्यांनी विचारलं की घरीदारी एकच उत्तर मिळे: इथे काय आहे? औरंगाबादला जा. हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित दिलंही असेल. ‘जालना, सोने का पालना’ असं अभिमानाने म्हणणारे आपण पाहुण्यांना गाव दाखवायची वेळ आली की थेट साठ किलोमीटर लांब बोट दाखवतो.

फक्त आजीचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, “वेरूळ कुठं जातंय? पाहुण्यांना आधी आपलं गाव दाखवा गं.” पण तिची एक अट होती. सकाळी नळ आला की आधी पाणी भरायचं, मग बाहेर पडायचं. जुन्या जालन्यातला उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. हौद, रांजण, पिंप, घागरी, कळश्या सगळं भरून ठेवायचं. नळ नाही आला तर हापशावर नंबर लावायचा. तीन पाहुण्या म्हणजे रोजच्या किती बादल्या वाढल्या, हा हिशोब आईच्या डोक्यात पक्का असे. पाहुणे आले याचा आनंद आणि पाणी पुरेल का याची काळजी आमच्या घरी एकाच वेळी चाले.

पाहुणे आणि पाणी या दोन शब्दांत जालन्याचा इतिहास सांगता येतो, असं मला आता वाटतं. हे गाव मुक्कामाचं. व्यापारी, फौजा, यात्रेकरू, आगगाड्या, सगळे इथे थांबले, आणि जिथे माणसं थांबतात तिथे आधी पाण्याची सोय लागते.

पहिल्या दिवशी आम्ही काळ्या मशिदीकडे गेलो. काळ्या दगडाची म्हणून काळी मशीद. ती जमशेदखानाने बांधली. नुसती मशीद बांधून तो थांबला नाही. जवळच हमाम आणि समोर सराई बांधली. सराई म्हणजे प्रवाशांनी उतरायची जागा आणि हमाम म्हणजे अंघोळीची. लांबून धूळ खात आलेल्या माणसाला नमाजाला जागा, पाठ टेकायला जागा आणि अंग धुवायला पाणी, असा सगळा विचार त्यात होता. पाणी कुठून यायचं? तर मोती तलावातून. गणपती विसर्जनाचा आपला तो मोती तलावही जमशेदखानाचाच. तलावातून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं होतं, आणि त्यांतला मुख्य हौद या सराईत होता, अशी नोंद आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मोटार नाही, वीज नाही. फक्त उतार. तलाव उंचावर, हौद खाली, मधला नळ कुठे फुटू नये, कुठे तुंबू नये, एवढं सांभाळलं की पाणी आपोआप येतं. हे ‘एवढं’ सोपं नसतं, हे इंजिनिअर मंडळी जाणतात. जमिनीची पातळी चुकली तर सगळी योजना फुकट. औरंगाबादच्या नहरींचं आणि पाणचक्कीचं कौतुक आपण सहलीत ऐकलं, वहीत लिहून घेतलं. त्याच जातीचं काम आपल्या गावात झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मस्तगड. १७२५ मध्ये पहिल्या निजामाच्या, म्हणजे निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने हा किल्ला बांधला. आत फारसी शिलालेख आहे, आणि दालनं-ओवऱ्या असलेली मोठी विहीरही आहे. विहिरीच्या पोटात बसायला जागा करायची ही आपल्याकडची जुनी रीत. उन्हाळ्यात वर बेचाळीस अंश असलं तरी खाली गारवा राहतो.

या किल्ल्याच्या आधीही जालना मोठंच होतं. अकबराचा दरबारी, ‘आइन-इ-अकबरी’ लिहिणारा अबुल फजल १५९९ पासून दख्खनच्या मोहिमेवर होता, आणि त्याचा काही काळ इथे मुक्काम होता असं जुनं गॅझेटियर सांगतं. १६०२ मध्ये उत्तरेकडे परतताना वाटेतच त्याचा खून झाला. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांची फौज जालन्यावर आली. तेव्हा हे मोगलांच्या मुलखातलं श्रीमंत पेठेचं गाव होतं. चार दिवस लूट चालली. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ मोगली फौजेशी गाठ पडली, त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर नेऊन पोहोचवली. त्या गडाचं नाव पुढे विश्रामगड झालं.

सुरतेची लूट आपल्याला शाळेत पाठ होती. सुरतेच्या वेळी आपण मनाने घोड्यावर बसलेलो असायचो. जालन्याच्या वेळी मात्र मला दोन ठिकाणी उभं राहावं लागतं: एकदा घोड्यावर, आणि एकदा पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या दारात, जिथे आपल्यापैकी कुणाचे तरी पूर्वज असतील. महाराजांबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही. उलट, त्यांच्या अखेरच्या मोठ्या मोहिमांपैकी एक आपल्या वेशीपर्यंत आली होती, हे कळल्यावर इतिहास जवळचा वाटायला लागतो. स्वतःच्या गावाचा इतिहास वाचण्याचा हाच फायदा. तो सगळ्या बाजूंनी पाहावा लागतो.

गावातल्या सहलींचा खर्च म्हणजे बर्फाचा गोळा. संध्याकाळी कुंडलिकेचा पूल ओलांडून नव्या जालन्यात, सदर बाजारात जायचं, कुल्फी खायची आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. रात्री गच्चीवर अंथरुणं घालायची. दिवसभर वाळवलेल्या कुरडया-पापड्या आधी उचलायच्या, गच्चीवर पाणी शिंपडायचं (तेही धुण्याचं, वापरलेलं!), आणि मग बारा वाजेपर्यंत गप्पा. पुण्याच्या मुलींना उघड्यावर झोपायचं फार अप्रूप. तिसऱ्या रात्री त्या आमच्यापेक्षा आधी गच्चीवर हजर.

मग गावाबाहेरच्या सहली. पहिली सिंदखेडराजाची. जालन्याहून सिंदखेड तीस-पस्तीस किलोमीटर. एसटीने गेलो, बरोबर दशम्या, ठेचा, लोणचं आणि फिरकीचा तांब्या. सोबतीला एका मैत्रिणीची आई होती. मुलींनी एकट्याने जायचं नाही, हा नियम तेव्हा सर्व घरांना लागू होता. आजीला सिंदखेडचं फार कौतुक वाटलं. “म्हणजे तुम्ही वऱ्हाडात जाऊन दुपारी परत येणार?” असं तिने दोनदा विचारलं.

तिचं आश्चर्य समजायला थोडा भूगोल लागतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. तेव्हापासून सिंदखेड पलीकडे आणि जालना अलीकडे. आजीच्या लहानपणी इकडे निजामाचं राज्य, हाली सिक्का, कचेरीत उर्दू. तिकडे इंग्रजी अंमल आणि कलदार रुपया. माल न्यायचा-आणायचा तर सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात भरावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आजीने जी सरहद्द पाहिली होती, तिथे आमच्यासाठी फक्त तिकिटाचा टप्पा बदलत होता. ती एसटीसुद्धा इतिहासातूनच आलेली. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली होती. पुढे मराठवाड्यातली ही सेवा आपल्या एसटी महामंडळात विलीन झाली.

सिंदखेडला लखुजी जाधवांचा राजवाडा पाहिला. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथे झाला. वाड्याच्या जोत्यावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. लखुजीरावांची समाधीही पाहिली. विटा-दगडांची ती भव्य इमारत बघून पुण्याच्या मैत्रिणी गप्प झाल्या. २५ जुलै १६२९ ला देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहाच्या दरबारात लखुजीराव आणि त्यांचे मुलगे मारले गेले. जिजाऊंचं माहेर एका दिवसात असं उद्ध्वस्त झालं, आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जालना, सिंदखेड, देवगिरी हा सगळा प्रदेश मिळून एकच गोष्ट आहे, हे नकाशा समोर ठेवला की दिसतं. सिंदखेडलाही एक मोती तलाव आहे. मोठं गाव वसवणाऱ्याने आधी तलाव बांधायचा, हा त्या काळचा शिरस्ताच असावा.

याच रस्त्याने आजही गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परतते. अंबडकडून ती जालन्यात येते, मुक्काम करते आणि सिंदखेडराजाकडे निघते. आषाढीला आपल्या आनंदी स्वामींच्या मंदिरात जी गर्दी होते, ती पांगते न पांगते तोच हे पाहुणे. जुन्या जालन्यातल्या घरांनी वारकऱ्यांसाठी पाण्याचे माठ भरून ठेवायचे, ही रीत मी लहानपणापासून पाहिली आहे.

दुसरी सहल अंबड आणि जांबची. अंबडला मत्स्योदरी देवीचं दर्शन घेतलं आणि बारव पाहिली. अंबड हे होळकरांच्या ताब्यातलं गाव, आणि इथल्या देवळांवर, बारवेवर अहिल्याबाईंचा हात फिरलेला. तिथून घनसावंगी तालुक्यातलं जांब. समर्थ रामदासांचा जन्म इथे १६०८ च्या रामनवमीचा. बाराव्या वर्षी लग्नात ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळालेला मुलगा, ही गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. तिथून तो नाशिकजवळ टाकळीला गेला, बारा वर्षं राहिला, आणि पुढची बारा वर्षं देशभर फिरला. आमच्यातली एक जण म्हणाली, “त्याने पळून जाऊन बारा वर्षं काढली तर संत झाला. आपण सात वाजता घरी पोहोचलो तर बोलणी खाऊ.” आम्ही सगळ्या हसलो, आणि सहाच्या एसटीने परत निघालो. पण तिचा मुद्दा खोटा नव्हता. इतिहासात प्रवास करणारी मुलं पुष्कळ सापडतात, मुली शोधाव्या लागतात. माझ्या आजीने आयुष्यात केलेले प्रवास म्हणजे माहेर, सासर आणि पंढरपूर. आईचे त्यात शाळेच्या दोन सहलींची भर. आम्ही एका उन्हाळ्यात त्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त फिरलो. आम्हाला ते साहस वाटत नव्हतं, कारण आमच्या आयांनी घरात कुठेतरी आधीच भांडून ठेवलं होतं.

शेवटची सहल राजूर आणि आसईची. एका मैत्रिणीच्या बाबांनी जीप काढली. राजूरच्या गणपतीचं दर्शन झाल्यावर ते म्हणाले, चला, लढाई दाखवतो. भोकरदनपलीकडे खेळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात आसई आहे. मे महिन्यात नदीत पाणी नव्हतं, आम्ही चपला हातात घेऊन वाळूतून पलीकडे गेलो.

२३ सप्टेंबर १८०३ ला इथे एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज होती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्या मोहिमेतही जालना मध्यभागी होतं. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेला बदनापूरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची भेट झाली, आणि दोघे वेगवेगळ्या वाटांनी निघाले. वेलस्लीला शत्रू अपेक्षेपेक्षा आधी गाठ पडला. नदी मध्ये, आणि वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं. नदीच्या एका काठावर पिंपळगाव, अगदी समोरच्या काठावर वरुड. समोरासमोर दोन गावं असतील तर लोकांची ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असणारच. त्याने फौज तिकडे वळवली. उतार होता.

लढाई भयंकर झाली. कंपनीचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तिथेच लढून मेले, हे इंग्रजांनीही लिहून ठेवलं आहे. आपल्या बाजूला किती गेले, याचे मात्र अंदाजच वाचायला मिळतात. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. म्हातारपणी त्याला तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं, तेव्हा त्याने आसईचं नाव घेतलं म्हणतात. जगभरच्या लष्करी शाळांना ठाऊक असलेली ही जागा आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपण तिथे चपला हातात घेऊन चाललो होतो.

त्या उताराचा विचार माझ्या मनात अजून येतो. जुनं जालना आणि नवं जालना यांच्यामध्ये कुंडलिका आहे. पूल झाला नव्हता तेव्हाही लोक या काठावरून त्या काठावर जातच असणार. समोरासमोर वस्त्या असल्या की वाट तयार होते. मग इंग्रजांची छावणी आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राहिली. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली, आणि स्टेशन झालं आपल्या जुन्या जालन्यात. कापसाचे जिन आणि प्रेस उभे राहिले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि जालन्याचं बियाणं देशभर गेलं. त्यामागून पोलादाचे कारखाने आले. प्रत्येक वेळी बाहेरची माणसं आली आणि जालन्याने त्यांना सामावून घेतलं.

पाण्याचं मात्र गणित चुकत गेलं. १९७२ चा दुष्काळ आपल्या आई-वडिलांनी पाहिला. २०१२-१३ चा आपण पाहिला, काहींनी दुरून. त्या उन्हाळ्यात जालन्याचं नाव रोज बातम्यांत होतं. रिकामे हंडे, टँकरमागे धावणारी माणसं. त्या वर्षी आईने फोनवर मला सांगितलं, “सुट्टीत मुलांना घेऊन येऊ नकोस गं, पाणी नाही.” ज्या बाईने १९९५ मध्ये तीन पाहुण्यांच्या बादल्या मोजून मोजून पुरवल्या आणि त्यांना कधी कळू दिलं नाही, तिच्यावर पोटच्या मुलीला येऊ नको म्हणायची वेळ आली. दुष्काळाचे आकडे मी बरेच वाचले, पण मला तो कळला या एका वाक्यातून.

नंतर जायकवाडीचं पाणी मोठ्या जलवाहिनीने शहरात आलं. त्याच काळात गावातल्या लोकांनी पुढाकार घेऊन घाणेवाडी तलावातला गाळ काढायला सुरुवात केली. निजामाच्या काळातल्या या तलावाचं पाणी नव्या जालन्याला उतारानेच मिळतं, पंपाशिवाय. म्हणजे जमशेदखानाचा हिशोब अजून चालतो आहे. बाहेरून पाणी आणणं गरजेचंच आहे, पण जे आपल्याकडे आधीपासून आहे, त्याची माहिती असली तरच आपण ते राखतो. मोती तलाव, काळ्या मशिदीचा हौद आणि मस्तगडाची विहीर यांना एरवी कोण विचारतं?

म्हणून मेळाव्याला येणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी पकडायच्या आधी दोन तास काढा. मुलांना सोबत घ्या. सहा वाजता मोती तलावापासून निघू, पाणी ज्या दिशेने गावात यायचं त्या दिशेने चालत काळ्या मशिदीपर्यंत जाऊ, आणि उन्हं चढायच्या आत मस्तगडावर पोहोचू. मी नकाशा काढून आणते. दशम्या आणि ठेचा कुणी आणायचा ते ग्रुपवर ठरवा, आणि प्रत्येकाने पाण्याची बाटली घरूनच भरून आणा.